चढाचे पाणी



भिवंडीत इतिहासावर व्याख्यान म्हटले, की शिवछत्रपतींनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्याची हकीकत निघावयाची. ती नाही निघाली, तर खाडीच्या बंदराची, नाही तर मागांची. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो याहून फार लहान आहे आणि फार जवळ आहे. तो आपल्या इमारतीच्या जिन्याखाली एका ओलसर खड्ड्यात बसलेला असतो, आणि पहाटे घरघरू लागला की तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची झोप मोडते. आपण त्याला ‘मोटार’ म्हणतो. खरे म्हणजे तो पंप. मोटार ही त्याला फिरविणारी. पण ज्याचे बिल येते त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, यात नवल नाही.

हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असेल. त्यांनी आपल्या सोसायटीची शेवटची सर्वसाधारण सभा आठवून पाहावी. सामाईक विजेचे बिल वाचून दाखविले की जी शांतता पसरते आणि तिच्या पाठोपाठ जो गलका होतो, तो कशाबद्दल असतो? तळमजल्याचा म्हणतो, पाणी वर चढते ते वरच्यांसाठी, मी पैसे का द्यावे. वरचा म्हणतो, पैसे देऊनही माझ्या नळाला धार नाही. दिवे आणि लिफ्ट यांवर शब्दाशब्दी होते. पंपाकडे कोणी पाहत नाही.

पाणी उतारावर आपोआप जाते आणि चढावर न्यावे लागते, एवढ्या एका गोष्टीवर माणसाने हजारो वर्षे डोके चालविले आहे. आपल्याकडची मोट आठवा. विहिरीच्या काठापासून बैलांची धाव उतरती केलेली असे. भरलेली मोट ओढताना बैल उतारावरून जात, म्हणजे त्यांच्या अंगचे वजनसुद्धा कामाला लागे. हाकणारा नाड्यावर बसून आपले वजन त्यात घाली. परत येताना मोट रिकामी, तेव्हा चढ चढण्यास हरकत नसे. वसईच्या वाड्यांत रहाट होते. रहाटाची गाडगी पन्हळीच्या वर जाऊन मग ओतत. म्हणजे प्रत्येक गाडगे गरजेपेक्षा थोडे जास्त उंच जाई आणि थोडे पाणी पुन्हा विहिरीत सांडे. बागाईतदाराला हे नुकसान डोळ्यांनी दिसत असे, आणि ते कोठे जिरते हेही ठाऊक असे, कारण संध्याकाळी त्याचा बैल दमलेला असे. विजेची तार दमलेली दिसत नाही.

मोठ्या वस्तीला पाणी द्यावयाचे तर बैलांनी भागत नाही. तेथे जुन्या लोकांनी चढावर जाण्याचे टाळलेच. पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहराच्या हौदांत पाणी आणले, ते केवळ उताराच्या बळावर. औरंगाबादेस मलिक अंबराने नहर काढली ती त्याआधीच, सतराव्या शतकात. आणि पाणचक्कीत तर उतरत्या पाण्याकडून दळणही करून घेतले. पाण्याची उंची म्हणजे साठवलेली मेहनत, हे त्यांना कोणी सूत्रात सांगितले नव्हते.

मुंबईच्या पाण्याची कथा याच वाटेने गेली, आणि येथून ती आपल्या तालुक्यात शिरते. १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी, आणि ही दोन्ही अपुरी पडल्यावर १८९२ साली शहापूरच्या डोंगरांतला तानसा. तानशाचे पाणी आपल्या भिवंडी तालुक्यातून, शेतांच्या बांधाबांधाने, कशेळीच्या बाजूने खाडी ओलांडून मुंबईस गेले. त्या जाड काळ्या नळांवर बसून आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी जांभळे खाल्ली असतील. त्या नळांतून पाणी ढकलण्यास इंजिन नव्हते. डोंगराने दिलेली उंची नळाने जपून शहरापर्यंत पोहोचविली. १९५७ साली वैतरणेवरचे जे धरण पुरे झाले, ज्याला अभियंते ना. वि. मोडक यांच्या नावावरून आपण मोडकसागर म्हणतो, त्याचेही पाणी उतारानेच गेले.

भातशापासून गोष्ट बदलली. भातशाचे धरण शहापूर तालुक्यात. त्याचे पाणी नदीच्या पात्रात सोडतात, ते वाहत आपल्या तालुक्यात पिसे येथे येते, आणि तेथे बंधाऱ्यापाशी पंपांनी उचलावे लागते. उचललेले पाणी पांजरापूरला शुद्ध होते, पुन्हा पंपांनी येवईच्या मोठ्या जलाशयात चढते, आणि तेथून मग मुंबईकडे उतरते. नदीने नळाचे काम फुकट केले खरे, पण धरणाने धरून ठेवलेली उंची वाटेत नदीच्या दगडांवर खर्च झाली. ती परत विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत विजेच्या युनिटांत मोजतात. आज मुंबईच्या एकूण पाण्यापैकी जवळजवळ निम्मे असे आहे. पिसे-पांजरापूरला काही तास वीज गेली, की मलबार हिलपासून मुलुंडपर्यंत घरोघर बादल्या भरून ठेवण्याची धांदल उडते, आणि भिवंडी तालुक्यातल्या दोन गावांची नावे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात. एरव्ही ती कोणी घेत नाही.

आपल्या शहराचे स्वतःचे पाणी काही वऱ्हाळा तलावाचे, काही मुंबईच्या नळांतले आणि बरेचसे शहाडजवळ उल्हास नदीतून उचलून टेमघरला शुद्ध केलेले. म्हणजे आपल्या दाराशी येण्याआधीच त्यातल्या बहुतेक पाण्याने एक-दोन चढ चढलेले असतात. आणि दाराशी आल्यावर आपण काय करतो? त्या पाण्यात पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंत जाण्याइतका जोर शिल्लक असला, तरी आपण त्याला जमिनीखालच्या टाकीत सोडून देतो. जोर शून्य. मग जिन्याखालचा पंप लावून तेच पाणी पुन्हा गच्चीवर चढवितो, आणि गच्चीवरून ते तळमजल्याच्या नळाला खाली उतरते. एकच पाणी तीन-तीनदा चढते आणि तीन-तीनदा उतरते.

हे मूर्खपणाने झाले असे मी म्हणणार नाही. ते भीतीने झाले, आणि भीती खोटी नव्हती.

नगरात चोवीस तास पाणी असते तर जमिनीतल्या टाकीची गरजच कमी पडली असती. पाणी तासभर येणार, तेही रात्री, तर ते धरून ठेवण्यास टाकी हवी. टाकी बांधण्यास जागा आणि पैसा नसलेल्यांनी नळालाच लहानसा पंप जोडला. त्याला बाजारात ‘टुल्लू’ म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. टुल्लू नळातून पाणी ओढतो, म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढतो. आणि नळात पाणी नसताना ओढू लागला की फुटक्या सांध्यांतून गटाराचे ओढतो. नगरपालिकांनी त्याला मनाई केली. तरी एका घरी तो आला की शेजारच्या घरी यावाच लागतो; न आणणाऱ्याच्या घागरी रिकाम्या राहतात. ही गल्लीतली शर्यत कोणी जिंकत नाही. वीज मात्र सर्वांची जळते.

त्यात भारनियमनाची वर्षे आली. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रभर जे तासन्‌तास अंधाराचे दिवस सुरू झाले, ते भिवंडीकरांना वेगळे सांगण्याचे कारण नाही. माग थांबला की घरातली चूल थांबते असे हे गाव. आपल्या शहराची वीज-वितरणाची व्यवस्था २६ जानेवारी २००७ पासून टोरंट या खाजगी कंपनीकडे गेली. देशातला तो तशा प्रकारचा पहिलाच प्रयोग, आणि त्याबद्दलची मते या सभागृहात दोन्ही बाजूंची असतील. माझा मुद्दा त्या आधीच्या दिवसांचा आहे. पाणी येण्याची वेळ आणि वीज असण्याची वेळ जुळत नसे. पाणी आले तेव्हा वीज नाही, वीज आली तेव्हा टाकीत पाणी नाही. दोन्ही एकत्र असत ती वेळ अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात चोवीस बिऱ्हाडांची गच्चीवरची टाकी भरावयाची! मग दुकानदाराने एक हॉर्सपॉवरचा पंप दाखविला की सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत, तीनचा द्या. दुकानदार म्हणे, पाचचाच घेऊन ठेवा, पुढेमागे मजला वाढेल. आणि पाचचा येई.

इमारतींतले पंप गरजेपेक्षा मोठे का, या प्रश्नाचे उत्तर अभियंते आपल्या पुस्तकांत ‘निवड चुकली’ असे देतात. मला ते अपुरे वाटते. आपल्या खड्ड्यांतले पंप हे त्या टंचाईच्या वर्षांचे दस्तऐवज आहेत. पुढे विजेची वेळ सुधारली, ती भीती कागदावरून गेली. खड्ड्यातून गेली नाही.

माझ्या स्वतःच्या इमारतीची गोष्ट सांगतो. तळमजला आणि वर पाच मजले, चोवीस बिऱ्हाडे. पंपाच्या वरच्या नळावरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असे. मी विचारले, पुरा का उघडत नाही? वॉचमन म्हणाला, “साहेब, पुरा उघडला की मोटार ट्रिप होते. आधीच्या भाऊंनी सांगून ठेवलंय, हात लावू नका म्हणून.” मोटार दोनदा जळलेली, दोनदा रिवाइंड करून आणलेली. आपल्या गावात मागांच्या मोटारी बांधणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, चोवीस तासांत काम करून देतात. पण घाईने जाळून काढलेल्या जुन्या तारांबरोबर मोटारीच्या पत्र्यांचा कसही थोडा जळतो, आणि पुढे ती तेवढ्याच कामाला जास्त वीज खाते, हे फारसे कोणी सांगत नाही.

अर्ध्या बंद व्हॉल्व्हचा उलगडा असा होता. तो पंप बारा-चौदा मजल्यांपर्यंत पाणी फेकण्यासाठी बनविलेला. त्याला सहा मजल्यांचे काम दिले की समोरचा अडथळा कमी, म्हणून तो बेफाम पाणी फेकू लागतो, मोटारीवर भार वाढतो आणि स्विच पडतो. तो पडू नये म्हणून आपण व्हॉल्व्ह बंद करून खोटा अडथळा उभा करतो. न बांधलेले सहा-सात मजले आमची चोवीस बिऱ्हाडे रोज त्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी चढत होती. उतारावर हात-ब्रेक लावून बैल हाकावे, तसे.

मग मनात आले, की हे पाणी चढविण्यास वीज लागावी तरी किती? आणि हा प्रश्न पहिल्याने कोणी विचारला? येथे थोडे दूर, इंग्लंडात, जावे लागेल. तेथील पहिली वाफेची इंजिने कापड विणण्यासाठी जन्मली नाहीत. खाणींत साचणारे पाणी उपसण्यासाठी जन्मली. न्यूकोमेनचे इंजिन १७१२ चे. ते कोळसा अफाट खाई. जेम्स वॉट याने त्यात सुधारणा केली, आणि त्याने व त्याचा भागीदार बोल्टन याने ती विकण्याची एक मजेदार रीत काढली. इंजिनाच्या वापराबद्दल ते खाणवाल्याकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. किती वाचला हे कळण्यास इंजिनाचे हेलकावे मोजणारा गणक बसविला, आणि तो कुलपाच्या पेटीत ठेवला. विश्वास कोणाचाच कोणावर नव्हता, हे यावरून दिसते!

कॉर्नवॉल परगण्यात कोळसा नाही, तो जहाजाने आणावा लागे; म्हणून तेथे या हिशेबाला फार किंमत. १८०० साली वॉटचे पेटंट संपले, त्याची माणसे निघून गेली, आणि मौज अशी, की हप्ता द्यावयाचा संपल्याबरोबर इंजिनांची निगाही संपली. कोळसा पुन्हा वाढला. तेव्हा १८११ साली काही खाणवाल्यांनी जोएल लीन नावाच्या गृहस्थाला नेमले. त्याने दर महिन्यास प्रत्येक इंजिनाने एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले, याचा तक्ता छापावयाचा. बस्स, एवढेच. नवी सक्ती नाही, बक्षीस नाही. पण आपले इंजिन शेजारच्या खाणीच्या इंजिनाखाली छापलेले पाहणे कोणत्या इंजिनवाल्याला रुचेल? त्यांनी बॉयलरला लपेटणे घातले, वाफ अधिक दाबाची केली, गळती बंद केली. आणि पुढच्या तीसेक वर्षांत तेवढ्याच कोळशात तिप्पट पाणी वर येऊ लागले. यात मोठे शोध होते, हे मान्य. पण शोध लागलेले असूनही इंजिने बिघडत चालली होती. ती सुधारू लागली तक्ता छापल्यावर.

आपला तक्ता तर याहून सोपा. विजेचे एक युनिट, काहीही वाया न जाता, एक हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंच नेऊ शकते. म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या चौपटीहून थोडे अधिक. आमच्या इमारतीत माणसी रोज १३५ लिटर आणि बिऱ्हाडी पाच माणसे धरली, तर चोवीस बिऱ्हाडांचे १६,२०० लिटर होतात. ते वीस मीटर चढवावयाचे. निसर्गाचे मागणे निघते ०.८८ युनिट, एक युनिटसुद्धा नाही! नळातले घर्षण, पंप आणि मोटार यांची तूट धरून दोन, फार तर अडीच युनिटे व्हावीत. आम्ही पंपाला स्वतंत्र मीटर लावून आठवडाभर आकडे टिपले. रोजचे पाचाच्या आसपास जात होते.

म्हणजे निसर्गाला एक युनिट, आणि चार मधल्या मंडळींना. मधली मंडळी कोण, हे शोधण्यास मोठे शास्त्र लागले नाही. पहिला तो अर्धा बंद व्हॉल्व्ह. दुसरा खालचा फूट-व्हॉल्व्ह. तो गळत असल्यामुळे रोज पंप कोरडा फिरून मग पाणी धरी. तिसरी मंडळी म्हणजे गच्चीवरची टाकी भरून वाहून जाणे. चेंडूचा स्विच कधीचा तुटला होता, आणि ‘पाणी पडले’ असे खालून ओरडण्याचे काम शाळेतल्या मुलांकडे होते. चौथा, नळाचा व्यास. दोन इंचांच्या जागी अडीच इंची नळ घातला तर तेवढ्याच पाण्याचे घर्षण जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. पण उभा नळ बदलणे खर्चाचे, ते आम्ही सोडून दिले. पंप मात्र बदलला. दीड हॉर्सपॉवरचा, आमच्या उंचीला जुळणारा. दुकानदाराला उंची, नळाची लांबी आणि वळणे लिहून दिली, तर तो आधी हसला. मग त्याने कपाटातून कंपनीचा आलेख काढला. तो त्याच्याकडे होता. कोणी मागितला नव्हता.

टाकी भरण्यास आता थोडा वेळ अधिक लागतो. पुष्कळांना ते खटकले. मोठ्या आवाजाचा पंप म्हणजे जोरदार पंप, ही समजूत जुनी आहे.

येथे एका गोष्टीची सूचना देणे अवश्य आहे, कारण अलीकडे विक्रेते दारोदार येतात. पंपाचा वेग कमी-जास्त करणारे एक यंत्र मिळते. ते लावले की वीज निम्म्यावर येते, असे सांगतात. सूत्र खरे आहे. वेग पाचातून एक भाग कमी केला तर शक्ती जवळजवळ निम्मी लागते. पण ते सूत्र, पाणी बंद नळांतून गोल फिरत असते तेथले: मोठी इस्पितळे, वातानुकूलित कचेऱ्या, जेथे थंड पाणी दिवसभर मजल्यामजल्यांतून फिरते आणि गरज घटकेघटकेला बदलते. तेथे ते यंत्र अवश्य लावावे. आपल्याकडे पाणी एकदा गच्चीवर टाकावयाचे. उंची तेवढीच राहते. वेग फार उतरविला तर पाणी चौथ्या मजल्याशी थांबून नुसते घुसळत राहील. आणि आपल्या तालुक्यात जी प्रचंड गोदामे उभी राहिली आहेत, त्यांच्या आगीच्या पंपाला काटकसरीचा हिशेब लावू नये. तो वर्षभर न चालावा आणि त्या एका दिवशी भरपूर चालावा, यासाठीच असतो.

सरकारने २००१ साली ऊर्जा-संधारणाचा कायदा केला, दुसऱ्या वर्षी त्यासाठी ब्यूरो स्थापन झाला, पंपांवर ताऱ्यांची चिठ्ठी आली. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्यास शेतकऱ्यांचे जुने पंप काढून ताऱ्यांचे पंप बसविण्याचा प्रयोग झाला, आणि खर्च वाचलेल्या विजेतून वसूल करावयाचा असे ठरले. वॉटची कुलपाची पेटी दोनशे वर्षांनी भीमेकाठी आली म्हणावयाची. ज्या महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि मोटेच्या मुलखात पुढे देशी पंप ओतले, तेथे चांगल्या पंपाची वाण कधीच नव्हती. पण तारे शेतीच्या पंपाला लागले, तसे जिन्याखालच्या खड्ड्यात कोणी डोकावत नाही. तेथे पंप जळाला तरच माणूस उतरतो, आणि घाईत होता तसाच पंप आणतो.

आमच्या जिन्यापाशी आता एक फळा आहे. वॉचमन रोज त्यावर खडूने दोन आकडे लिहितो: किती युनिटे गेली आणि टाकी किती वेळात भरली. एकदा अडीचाचे सव्वातीन झाले, तेव्हा फूट-व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकल्याचे दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजीबाईंनी सर्वांच्या आधी सांगितले. त्यांना पंपातले काही कळत नाही. त्या फळा वाचतात. वरच्या मजल्याच्या नळाला धार येते, तळमजल्याची तक्रार मात्र कायम आहे.

जुना पंप भंगारात द्यावा असा ठराव सभेत आला तेव्हा कोणी हात वर केला नाही. एक वयस्क सभासद, ज्यांनी आयुष्यभर मागावर काम केले, ते हळूच म्हणाले, “असू द्या तिथंच. ते दिवस परत आले तर?” तो पंप अजून खड्ड्यात आहे, गोणपाटात गुंडाळलेला, दर दिवाळीला कोणीतरी त्यात तेल घालतो.